मूळ प्रत मागाहून

माझ्या नवऱ्याचं माझ्याबद्दल एक ठाम मत आहे. मी वर गेले की चित्रगुप्तालासुद्धा विचारणार, "या यादीची मूळ प्रत कुठे आहे?" घरी पाहुणे आले, चहा झाला, की हा विनोद होतोच. पाहुणे हसतात, मी हसत नाही, कारण त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. यादीची मूळ प्रत बघायला नको?

ही सवय मला कोकणातल्या एका जिल्ह्याच्या कचेरीत लागली. बावीस वर्षांची असताना मी तिथे बारनिशीच्या टेबलावर बसले. बारनिशी म्हणजे कचेरीत आलेला प्रत्येक कागद जिथे नोंदतात ती जागा. आमचे हेडक्लार्क पान खाऊन खाऊन लाल झालेल्या तोंडानं शिकवायचे, "पोरी, कागद आला म्हणजे काय? मूळ प्रत आली, शिक्का बसला, रजिस्टरात चढली, नंबर पडला, की तो आला. नाहीतर तो कागद नव्हे, केर." तारेनं आलेला मजकूर, फोनवरचा निरोप, कार्बन कॉपी, हे सगळं एका वेताच्या ट्रेमध्ये जायचं आणि मूळ प्रत येईपर्यंत तिथेच पडून राहायचं. त्यात काय लिहिलंय हे वाचायचंसुद्धा नाही. वाचलं की माणूस काहीतरी करायला जातो, आणि केलं की फसतो, असं त्यांचं तत्त्वज्ञान होतं.

लग्नानंतर मी नवऱ्यामागून दुबईला आले. तो हमरिया फ्री झोनमध्ये प्लास्टिकच्या पाइपांच्या फॅक्टरीत प्रॉडक्शन बघायचा. आम्ही अल कुसैसला राहायचो, मुलं ऊद मेथाच्या शाळेत जायची. मुलं शाळेत रुळल्यावर मी नोकरी शोधली आणि मला पश्चिम आफ्रिकेतल्या एका छोट्या देशाच्या वकिलातीत टायपिस्टची जागा मिळाली. देशाचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की माणसं ओळखू येतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना अजून तिथेच राहायचं आहे.

वकिलात म्हणजे डोळ्यांसमोर जे येतं ते पुसून टाका. बर दुबईतल्या एका जुन्या व्हिलाचा तळमजला, दोन खोल्या, एक झेंडा, एक फॅक्स मशीन आणि त्या मशीनवर घरघर करणारा एसी. टायर, कापड आणि जुन्या गाड्या न्यायला दुबईत येणाऱ्या त्या देशाच्या व्यापाऱ्यांचे पासपोर्ट आणि कागद बघणं एवढंच काम. माणसं दोनच, वकील मॅडम, म्हणजे त्या देशाच्या इथल्या राजप्रतिनिधी, आणि मी. मॅडम पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, डोक्याला रोज नव्या रंगाचा फेटा. हसल्या की बाहेरच्या खोलीत बसलेला व्यापारी दचकायचा. मला त्या "माय सिस्टर" म्हणायच्या. पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या कचेरीत आवक-जावक रजिस्टर सुरू केलं. त्यांनी ते चाळलं आणि म्हणाल्या, "हे फार सुंदर आहे, पण आपल्याला कागद येतात किती?" मी म्हटलं, "मॅडम, एक जरी आला तरी तो आला हे कळायला नको का?"

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातली गोष्ट आहे. उन्हाळा सुरू झाला होता. एका रविवारी मी ऑफिसात आले तर मॅडम रेडिओला कान लावून उभ्या. त्यांच्या देशात लष्करानं रेडिओ स्टेशन ताब्यात घेतलं होतं. निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष शेजारच्या देशात पळाले होते. कोणी एक कर्नल रेडिओवर सांगत होता की देश वाचवण्यासाठी त्यांना हे करावं लागलं. मॅडमनी रेडिओ बंद केला आणि म्हणाल्या, "देश वाचवायला येणारे नेहमी पहाटेच का येतात?"

मॅडमचे यजमान तिकडेच होते. ते हायकोर्टात जज्ज होते. कर्नलसाहेबांना शपथ घेऊन राष्ट्राध्यक्ष व्हायचं होतं, आणि शपथ द्यायला जज्ज लागतो. जज्जसाहेबांनी घटनेचं पुस्तक उघडलं, पानं चाळली, "यात अशी शपथ नाही" म्हणाले आणि घरी जाऊन जेवले. तिसऱ्या दिवशी त्यांना तुरुंगात टाकलं. ही बातमी मॅडमनी मला एका वाक्यात सांगितली आणि लगेच एका व्यापाऱ्याचे कागद तपासायला घेतले.

मग जगानं त्या लष्करावर दबाव आणायला सुरुवात केली. शेजारच्या देशांनी सीमा बंद केल्या, विमानं थांबवली. पेट्रोलची जहाजं परत फिरवली. परिषदांमध्ये त्या देशाच्या खुर्चीवर कर्नलच्या माणसाला बसू दिलं नाही, पळालेल्या राष्ट्राध्यक्षांनाच बसवलं. कर्ज देणाऱ्यांनी हात आखडले. इथल्या इंग्रजी पेपरात आतल्या पानावर दोन बोटांची बातमी यायची, मी ती कापून फाइलला लावायची. घरी नवरा ती वाचून म्हणायचा, "निषेध, चिंता, तीव्र चिंता, अतितीव्र चिंता. यानं कुठे बंदुका खाली पडतात?" मलाही तसंच वाटायचं. मॅडमना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "बंदूक नाही पडत. पण बंदूकवाल्याच्या बायकोला खरेदीला परदेशी जायचं असतं, मुलीला परदेशी शिकायचं असतं. रोज जेवायला बसलं की ती विषय काढते."

पण मॅडमवर ह्या सगळ्याचा जो पेच आला तो वेगळाच होता. परदेशातल्या आपल्या सगळ्या वकिलाती आता आपल्या बाजूच्या आहेत, असं कर्नलला रेडिओवर सांगायचं होतं. म्हणून एकेका वकिलाला परत बोलवणं सुरू झालं. एका देशातले त्यांचे राजदूत "येतो" म्हणाले, गेले, आणि विमानतळावरूनच तुरुंगात रवाना झाले. दुसऱ्या देशातल्यानं "येत नाही" असं पेपरात जाहीर केलं, तर आठवड्याच्या आत तिकडे त्याच्या भावाचं घर जाळलं. भाऊ घरात होता. म्हणजे हो म्हटलं तरी मरण, नाही म्हटलं तरी मरण, फक्त मरणारा वेगळा. मॅडमना अजून बोलावणं आलं नव्हतं. फॅक्स मशीन खणखणलं की त्या आतल्या खोलीत लिहिता लिहिता थांबायच्या, हे मी दारातून बघायची.

आणि नेमकं ज्या दिवशी तो फॅक्स आला, त्या दिवशी मॅडम अबू धाबीला गेल्या होत्या आणि मी घाईत होते. ऑगस्टचा महिना, बाहेर ओल्या टॉवेलसारखी हवा, मुलीला ताप, शाळा सुरू व्हायला आठवडा, आणि समोर चार व्यापारी "यल्ला सिस्टर, यल्ला", म्हणजे चला लवकर, करत उभे. मशीनमधून कागद आला. वर त्यांच्या परराष्ट्र खात्याचं नाव होतं आणि खाली "मूळ प्रत मागाहून" असं इंग्रजीत छापलेलं होतं. माझा हात आपोआप चालला. कोपऱ्यात पेन्सिलीनं मराठीत "मू. प्र. प्रतीक्षेत" लिहिलं आणि वेताच्या ट्रेमध्ये टाकला. हो, वेताचा ट्रे मी करामाच्या बाजारातून मुद्दाम शोधून आणला होता. आत काय लिहिलंय ते वाचलं नाही. मॅडमना सांगितलंही नाही. साफ विसरले. ज्या फॅक्सची आम्ही उन्हाळाभर धास्ती घेतली होती, तो मी केरात काढल्यासारखा बाजूला सारला.

चौथ्या दिवशी सकाळी तिकडून फोन आला. एक म्हातारा, सभ्य आवाज. परराष्ट्र खात्यातला कोणी जुना अधिकारी असावा.

"आमचा आदेश वकील मॅडमना मिळाला का?"

"कुठला आदेश, सर?"

"फॅक्सनं पाठवलेला."

मी ट्रेमध्ये पाहिलं. "सर, फॅक्स कॉपी पेंडिंगमध्ये आहे. मूळ प्रत आलेली नाही. त्यामुळे आवक रजिस्टरला नोंद नाही. त्यामुळे मॅडमपुढे ठेवलेला नाही."

मला वाटलं लाइन कटली. मग तो आवाज हळूच म्हणाला, "म्हणजे, तुमच्या पद्धतीप्रमाणे, तो मिळालेला नाही."

"नाही, सर. मूळ प्रत टपालानं पाठवा. उलट टपाली पोच देऊ."

"बाई, टपाल विमानानं जातं. आमच्याकडे सध्या विमानं येत नाहीत."

"मग आम्ही वाट बघू, सर."

"अगदी बरोबर," तो म्हणाला. "पद्धत म्हणजे पद्धत." आणि फोन ठेवला.

फोन ठेवल्यावर मी पहिल्यांदा तो कागद वाचला. मॅडमना पंधरा दिवसांच्या आत मायदेशी हजर होण्याचा हुकूम होता. शेवटचं वाक्य असं की, हुकुमाचं पालन करणं हे त्यांच्या पतीच्या प्रकृतीच्या दृष्टीनं हिताचं ठरेल. पंधरातले चार दिवस मी ट्रेमध्ये घालवले होते. एका माणसाचा जीव टांगणीला लागलेला आणि मी त्यावर पेन्सिलीनं शेरा मारून मोकळी झाले होते. स्वतःची इतकी लाज मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही.

तशीच आत गेले. कागद समोर ठेवला, सगळं सांगितलं, आणि म्हटलं, "मॅडम, मला काढून टाका." त्यांनी वाचलं. शेवटच्या वाक्यावर त्यांचं बोट थांबलं. मग मान वर करून म्हणाल्या, "तू फोनवर काय म्हणालीस ते परत सांग. शब्दन् शब्द."

मी सांगितलं. "वाट बघू, सर" पर्यंत आले आणि मॅडम हसायला लागल्या. लष्कर आल्यापासून त्या अशा हसल्या नव्हत्या. टेबलावर थापा मारत हसल्या, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग हसणं थांबलं तरी पाणी थांबेना. मी त्यांच्या खुर्चीजवळ जाऊन उभी राहिले आणि काही न सुचून त्यांच्या पाठीवर हात फिरवला. वकिलाच्या पाठीवर टायपिस्टनं हात फिरवायचा असतो का, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही.

नाक पुसून त्या म्हणाल्या, "माय सिस्टर, मी हो म्हटलेलं नाही. मी नाहीही म्हटलेलं नाही. मला आदेशच मिळालेला नाही. मिळाला की मी त्याचं पालन करणारच आहे. मला सांग, तुझ्या देशात हे किती दिवस चालतं?"

आमच्यात म्हणच आहे, सरकारी काम आणि सहा महिने थांब. मी ती त्यांना इंग्रजीत करून सांगितली. त्या म्हणाल्या, "सहा महिने पुरतील."

मग मी जे कागदी घोडे नाचवले ते आमच्या हेडक्लार्कांनी बघितले असते तर पान थुंकून शाबासकी दिली असती. पहिलं पत्र, "फॅक्सची प्रत अस्पष्ट असून मूळ प्रत त्वरित पाठवावी." मग स्मरणपत्र. मग दुसरं स्मरणपत्र, पहिल्या स्मरणपत्राच्या संदर्भासह. मग, "मूळ प्रत दोन प्रतींत, साक्षांकित करून पाठवावी, एक कार्यालयीन नोंदीसाठी." तिकडून फॅक्सनं उत्तर यायचं, "आपला मुद्दा नोंदवला आहे." हे वाचून मला कळलं की कर्नल खुर्चीवर बसला असला तरी पत्रं लिहायला तेच जुने कारकून आहेत. आमच्यासारखेच तेही गोऱ्या साहेबाच्या राज्यात फाइल बांधायला शिकलेले. त्यांच्यातला कोणी मुद्दाम आम्हाला साथ देत होता, की बिचारा खरोखरच पद्धतीनं काम करत होता, ते मला आजवर ठाऊक नाही.

पंधराव्या दिवशी आम्ही दोघी ऑफिसात नुसत्या बसून होतो. मॅडमनी हातात बायबल धरलं होतं. मी मनातल्या मनात गणपतीला सांगत होते, माझ्या वेंधळेपणाची शिक्षा त्या जज्जाला देऊ नकोस. फोन वाजला नाही. सोळावा दिवस गेला, विसावा गेला. एक नर्स चालत सीमा ओलांडून शेजारच्या देशात आली होती, तिनं कोणाकडून तरी निरोप पोचवला की जज्जसाहेब जिवंत आहेत, वाळलेत, पण जिवंत आहेत. त्या दिवशी मी घरी शिरा केला. मुलगी म्हणाली, "Mummy, whose birthday?" काय सांगणार?

पण मॅडमच्या मनात एक काटा रुतून बसला होता. दर शनिवारी आठवडा सुरू झाला की चहा घेताना त्या एकच प्रश्न विचारायच्या. "तिकडे त्याला काय सांगत असतील? तुझ्या बायकोला बोलावलं, ती आली नाही. दुबईत खुर्ची धरून बसली. तो काय समजत असेल?" मी म्हणायची, "समजून घेतील हो, जज्ज आहेत." त्या म्हणायच्या, "जज्ज समोर आलेल्या पुराव्यावर निकाल देतो." नवऱ्याला मरणाच्या दारात ठेवून आपण दूर एसीत बसलोय, हे त्यांना दिवसातून दहादा टोचत होतं. मी बायको आहे, मला ते कळायचं. माझा नवरा हमरियाहून अर्धा तास उशिरा आला तरी मी गॅलरीत उभी राहते.

डिसेंबरमध्ये, हवा जरा बरी झाली होती तेव्हा, मूळ प्रत आली.

पस्तिशीचा एक माणूस दार ढकलून आत आला. सूट खांद्यांवर मोठा, केस अगदी बारीक कापलेले, उभं राहण्याची ढब शिपाईगड्याची. म्हणाला, मी अमुक कॅप्टन. चोरवाटेनं सीमा ओलांडून, दोन विमानं बदलून आलोय. त्यानं आतल्या खिशातून लाख लावलेला लिफाफा काढून माझ्या टेबलावर ठेवला. "तुमची मूळ प्रत. दोन प्रती. साक्षांकित."

माझी पाचावर धारण बसली. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. मॅडमच्या पेनाचा आवाज थांबला होता. आता लिफाफा घ्यायचा, शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, की आदेश मिळाला. मग हो किंवा नाही. आपणच मागवलेलं मरण घरपोच आलं होतं, तेही दोन प्रतींत.

मी आवक रजिस्टर काढलं. दुसरं काही सुचलं नाही म्हणून काढलं. हस्त बटवडा, म्हणजे हातानं आणून दिलेल्या कागदांचं पान उघडलं आणि त्याच्याकडे फिरवलं. "आणून देणाऱ्यानं इथे भरायचं. नाव, हुद्दा, पासपोर्ट नंबर, कोणाच्या हुकमानं आणलं, सही."

त्यानं पेन घेतलं. रकाने वाचले. मग पुन्हा वाचले.

त्याच आठवड्यात पेपरात बातमी होती, माझ्या फाइलला लावलेली होती. लष्कराच्या हुकमांची अंमलबजावणी करणाऱ्या प्रत्येकाची यादी होणार, आणि यादीतल्या माणसाला, त्याच्या बायकोमुलांना, आपापल्या देशांत पाऊल ठेवता येणार नाही, असं इंग्लंडसकट बऱ्याच सरकारांनी मिळून जाहीर केलं होतं. ती त्यानंही वाचली असणार.

"हे रजिस्टर कोण बघतं?" त्यानं विचारलं.

"तपासणीला येणारे सगळे बघतात, सर. पुढे कोणाचंही सरकार आलं तरी."

"आणि नंतर फाडून टाकतात?"

"नाही, सर. आवक रजिस्टर 'अ' वर्गात येतं. कायमचं जपायचं."

हे खरं होतं. म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या कचेरीत खरं होतं. इथे 'अ' वर्ग मीच सुरू केला होता. पहिल्या वेळी मी वेंधळेपणानं वागले, पण त्या दिवशी मी पूर्ण शुद्धीत होते, आणि त्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोलत होते.

त्यानं पाणी मागितलं. मी दिलं. त्यानं विचारलं, "सही न करता ठेवून गेलो तर?"

"ठेवा की, सर. पण मग तो आला असं होत नाही."

तो खुर्चीत बसला. मला किती मुलं आहेत ते विचारलं. त्याच्या बायकोला सातवा महिना होता, तिची बहीण इंग्लंडात होती, बाळंतपणाला तिकडे जायचा तिचा हट्ट होता. हे मला त्यानं का सांगितलं? बहुतेक ज्याला सांगायचं असा दुसरा कोणी त्याच्या रस्त्यात भेटला नसेल. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. मग त्यानं पेनाला टोपण लावलं, लिफाफा उचलून खिशात घातला आणि उठला. "उद्या येतो. वरून सूचना घेऊन."

"इन्शाल्ला," मी म्हटलं.

दुबईत राहिलेल्याला या शब्दाचा अर्थ सांगायला नको. तो दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्याही नाही. पण त्या दिवशी तो बाहेर पडला तेव्हा मॅडम आतल्या खोलीच्या दारात येऊन उभ्या होत्या. आम्ही दोघींनी मिळून एक ग्लास पाणी संपवलं, अर्धा त्यांनी, अर्धा मी.

माझ्या रजिस्टरनं लष्कर हटलं असा माझा दावा नाही. तेवढी अक्कल मला आहे. पेट्रोल संपलं, पगार थकले, शेजाऱ्यांनी सीमा उघडल्या नाहीत, आणि जेवणाच्या टेबलांवर ज्या बायकांनी विषय काढायचे त्या काढत राहिल्या. आमचा डाव एवढाच होता की वेळ मारून न्यायची. फेब्रुवारीत शेजारच्या राजधानीत करार झाला. कर्नल बाजूला झाला, पळालेले राष्ट्राध्यक्ष परत आले, कैदी सोडायचं ठरलं. रेडिओवर ऐकलं तेव्हा मी ऑफिसात एकटीच होते, आणि सरळ उठून दोन्ही खोल्यांतल्या खिडक्या उघडल्या, एसी चालू असताना. मग तीन दिवस सुटलेल्यांच्या याद्या येत राहिल्या आणि जज्जसाहेबांचं नाव येईना. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. एक घोगरा, दमलेला आवाज मला इंग्रजीत म्हणाला, "माझी बायको जागेवर आहे का?" माझा जीव भांड्यात पडला. मला "होल्ड करा" म्हणायचंसुद्धा भान राहिलं नाही, मी नुसती "मॅडम!" म्हणून ओरडले.

त्या काय बोलल्या ते त्यांच्या भाषेत होतं. मी बाहेर जाऊन जिन्यावर बसले आणि पोटभर रडले. शेजारचा लाँड्रीवाला मल्याळी विचारायला आला, "क्या हुआ बहन, इंडिया में कोई...?" मी म्हटलं, "नहीं भाई, सब अच्छा हो गया. खलास."

विमानं सुरू झाल्यावर महिन्याभरानं जज्जसाहेब दुबईला आले, डोळ्यांच्या आणि मूत्रपिंडाच्या उपचारासाठी. विमानतळापर्यंत गाडी चालवायचा मॅडमना स्वतःवर भरवसा वाटेना, म्हणून माझ्या नवऱ्यानं सुट्टी घेऊन आमची गाडी काढली. जज्जसाहेब बाहेर आले ते कोटात हरवलेले. मॅडम त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या, त्यांच्या कोटाची कॉलर नीट केली, आणि दोघंही कितीतरी वेळ तिथेच उभे. नवरा घड्याळ बघायला लागला तेव्हा मी त्याला कोपर मारलं.

मी पुढे नवऱ्याशेजारी बसले, ते दोघे मागे. गाडी रस्त्याला लागली. मग मॅडमनी विचारलं, आणि इंग्रजीत विचारलं. स्वतःच्या भाषेत विचारायचा त्यांना धीर झाला नसावा. "तिथे तुला माझ्याबद्दल काय सांगायचे?"

"रोज सकाळी एक अधिकारी यायचा," जज्जसाहेब म्हणाले. "दारातून सांगायचा, तुझी बायको आजही आली नाही."

मागे मॅडमनी खिडकीची काच खाली केल्याचा आवाज आला.

"मी तोंड पाडून बसायचो, त्याला बरं वाटावं म्हणून. तो गेला की देवाचे आभार मानायचो आणि पुढ्यातलं खायचो. एकदा दोन दिवस तो आलाच नाही. ते दोन दिवस मला घास उतरला नाही. वाटलं, आली. या बाईनं माझ्यासाठी काहीतरी मूर्खपणा केला आणि आली. तिसऱ्या दिवशी तो आला. म्हणाला, आली नाही. मी त्याला मिठीच मारणार होतो."

मी मागे वळून बघितलं नाही, बघायचं धाडस झालं नाही. खाडीवरच्या पुलावर नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती. बऱ्याच वेळानं जज्जसाहेबांनी माझ्या नवऱ्याला हळू आवाजात विनंती केली, जरा सावकाश चालवा. मी आरशात पाहिलं. मॅडम त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड किंचित उघडं, गाढ झोपल्या होत्या. नवऱ्यानं रेडिओ बंद केला.